झाडावर चढणाऱ्याचे पहिले साहित्य

एप्रिल-मे महिन्यांत, पावसाची वर्दी येण्यापूर्वी, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत जी कामे उरकून घेण्याची घाई सुरू होते, त्यांत गच्चीच्या डागडुजीच्या खालोखाल मान असतो तो झाडांच्या छाटणीला. आणि ज्या इसमाच्या हातून ही छाटणी होते तो तीस-चाळीस फूट उंचीवर, एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कोयता चालवीत, कमरेच्या सुंभाखेरीज अन्य कोणताही आधार नसताना काम करीत असतो, हे खाली उभे राहून फांद्या मोजणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. हा लेख प्रथम त्या इसमासाठी, नंतर त्याला कामावर बोलावणाऱ्या संस्थेच्या चिटणीसासाठी, आणि शेवटी पक्षिनिरीक्षणाच्या किंवा छायाचित्रणाच्या हौसेने झाडावर बैठक मांडू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी लिहिला आहे. तिघांच्या गरजा भिन्न आहेत, तथापि पहिली खरेदी करताना तिघेही बहुधा एकाच ठिकाणी चुकतात.

'ट्री सॅडल' या नावाने जी बैठक आज ओळखली जाते, तिचा अलीकडे झालेला बोलबाला मुख्यतः अमेरिकेतील हरणांच्या शिकाऱ्यांनी केलेला आहे. आपल्याकडील शिकारी फांद्यांच्या बेचक्यात मचाण बांधून रात्र काढीत. अमेरिकेतील शिकारी कमरेखाली एक रुंद पट्टा घेऊन, तो दोराने खोडाला अडकवून, खोडाकडे तोंड करून अधांतरी टेकून बसतो. साष्टीच्या बेटावर शिकारीची परंपरा नव्हती असे नाही. 1929 साली विहार तलावाच्या परिसरात वाघ मारला गेल्याची नोंद आहे. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ते प्रकरण मिटविले, आणि ज्या अरण्यात ते मचाण बांधले जात असेल त्याचा मोठा भाग आज सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो, जेथे वनखात्याच्या परवानगीवाचून झाडावर चढण्याचीही मुभा नाही. सबब आपल्या वाचकाने सॅडलचा विचार करावयाचा तो छाटणीसाठी, नारळ उतरविण्यासाठी किंवा निरीक्षणासाठी. याच अधिनियमातील एक कलम छाटणी करणाऱ्या प्रत्येकाने मनात कोरून ठेवावे असे आहे: शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणे हेही अंतर्भूत केलेले आहे. पर्जन्यवृक्षावर बगळ्यांची वसाहत नांदत असता तेथे करवत चालविणारा मनुष्य, हाती बंदूक नसली तरी, कायद्याच्या दृष्टीने शिकारीच ठरू शकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पहिले साहित्य घेणारा मनुष्य चढावयाचे कसे या चिंतेने ग्रासलेला असतो, आणि म्हणून त्याची नजर प्रथम शिड्या, खोडाला बांधावयाच्या पायऱ्या, पायात घालावयाचे लोखंडी काटे, दोर चढण्याची चकचकीत यंत्रे यांच्याकडे जाते. वास्तविक चढण्याचे काम थोड्या मिनिटांत आटोपते. वर गेल्यावर तास-दीड तास स्थिर राहणे, दोन्ही हात मोकळे ठेवणे, एका फांदीवरून दुसरीकडे सरकताना एका क्षणासाठीही निराधार न होणे, हे खरे काम असते. माझ्या मते पहिल्या खर्चाचा मोठा हिस्सा बैठकीवर आणि दोरावर पडला पाहिजे. चढण्याची सोय सर्वांत शेवटी आणि सर्वांत स्वस्तात भागवावी, कारण ती साध्या शिडीनेही भागते.

बाजारात 'हार्नेस' म्हणून जे मिळते त्यात तीन स्वतंत्र जाती आहेत आणि विक्रेता त्यांतील भेद सांगेलच असे नाही. पहिली जात बांधकामावर दिसणाऱ्या पूर्ण अंगाच्या सेफ्टी बेल्टची. आय. एस. 3521 या भारतीय मानकाचा छाप असलेला असा पट्टा कोसळणाऱ्या माणसाला अडवितो, हे त्याचे नियत कार्य तो चोख करतो. परंतु त्याची मुख्य कडी पाठीवर असल्याने त्यावर भार टाकून काम करता येत नाही. दुसरी जात गिर्यारोहकांच्या सीट हार्नेसची. तो हलका व सुटसुटीत असतो, पण त्याच्या मांडीच्या पट्ट्या अरुंद आणि भार घेणारे वेढे पुढच्या बाजूला एकवटलेले असतात. दीर्घकाळ लटकल्यास मांड्या बधिर होतात, आणि खोडाभोवती आडवा पट्टा घेण्यासाठी कमरेच्या दोन्ही अंगांस ज्या कड्या लागतात त्या त्यात नसतात. तिसरी जात झाडासाठीच बनविलेली: रुंद कंबरपट्टा, मांड्यांखाली रुंद पट्ट्या किंवा फळी, कमरेच्या दोन्ही बाजूंस भार घेणाऱ्या कड्या, आणि पुढे दोन वेढ्यांमध्ये ताणलेला दोराचा आखूड पूल, ज्यावर मुख्य दोराची कडी डावी-उजवीकडे सरकते व त्यामुळे अंग वळविता येते. शिकाऱ्याचे सॅडल याच तिसऱ्या जातीचे, पण फार हलके केलेले भावंड होय. एका खोडाशी, एकाच उंचीवर, निश्चल बसणाऱ्यासाठी ते कातलेले आहे. पक्षिनिरीक्षकाला ते सोयीचे वाटेल, परंतु हातात करवत घेऊन फांदीवर सरकणाऱ्याने त्याच्या हलकेपणाला भुलू नये. छाटणी करणाऱ्याने पायांच्या पट्ट्या व बाजूच्या कड्या असलेला कामाचा हार्नेसच घ्यावा, मग तो दुप्पट जड का असेना.

निवड झाली तरी पैसे मोजण्यापूर्वी तो अंगावर घालून पाहणे अत्यावश्यक आहे, आणि तेही कामाच्या कपड्यांवर. कंबरपट्टा नितंबाच्या हाडांच्या वर बसला पाहिजे. पूर्ण आवळल्यावर दोन्ही हातांनी खाली ओढून पाहावा, हाडांवरून खाली घसरला तर तो माप चुकलेला पट्टा आहे, कारण उलटा झालेला माणूस त्यातून निसटू शकतो. आवळलेल्या पट्ट्याच्या टोकाला बकलाबाहेर निदान चार बोटे लांबी उरली पाहिजे. नंतर जमिनीपासून वीतभर उंचीवर, एखाद्या भक्कम तुळईला किंवा फांदीला तो अडकवून पंधरा-वीस मिनिटे त्यात बसून राहावे. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक हार्नेस आरामशीर वाटतो. मांडीच्या आतल्या अंगाला कोठे काच पडतो, कंबर कोठे दुखू लागते, पुढचा पूल फार लांब असल्याने अंग मागे रेलते की काय, हे सारे दहाव्या मिनिटानंतर कळते. जो दुकानदार अशी चाचणी घेऊ देत नाही त्याच्याकडून हे साहित्य घेऊ नये, एवढे मी स्पष्टपणे सांगेन.

शिवणीकडेही बारकाईने पाहावे. भार घेणाऱ्या ठिकाणी आडव्या, दाट टाक्यांचे ठोकळे असतात आणि चांगले कारखानदार त्यांसाठी पट्ट्याच्या रंगाहून निराळ्या रंगाचा दोरा वापरतात, यासाठी की एखादा टाका तुटला तर तो लागलीच डोळ्यांत भरावा. पट्ट्याच्या आतल्या बाजूस शिवलेल्या चिठ्ठीवर मानक, उत्पादनाचा महिना व वर्ष, आणि क्रमांक असतो. ही चिठ्ठी नसलेला हार्नेस, किंवा जुन्या बाजारातून उचललेला, ज्याचा पूर्वेतिहास सांगणारा कोणी नाही असा हार्नेस, कितीही देखणा असला तरी तो अंगावर घालू नये. नायलॉनवर आम्लाची वाफ बसली तर वरून काही न दिसता त्याचे धागे कुजतात. आणि इमारतीच्या ज्या खोलीत मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे व जंतुनाशके कोंबलेली असतात, त्याच खोलीत माळ्याचे दोर ठेवण्याची आपल्याकडे प्रथा आहे, म्हणून हा धोका काल्पनिक नव्हे.

दोराच्या बाबतीत जितका गैरसमज तितका अन्य कशात नसेल. गिर्यारोहक ज्या दोराने प्रस्तरारोहण करतो तो मुद्दाम लवचीक केलेला असतो, कारण वरून पडणाऱ्याचा झटका त्याने शोषून घ्यावयाचा असतो. झाडावर काम करणारा मनुष्य दोरावर सतत बसून असतो, त्याला असा दोर पाळण्यासारखा हेलकावे देत राहील. त्याला कमी ताणणारा, आत समांतर तंतूंचा गाभा व बाहेर घट्ट विणलेले वेष्टन असलेला दोर लागतो, ई. एन. 1891 या युरोपीय मानकाचा 'अ' वर्ग असा उल्लेख पाहावा. जाडी 11 मिलिमीटरच्या खाली नसावी, हाताची पकड बसावयाची तर 12 अधिक बरी. मुंबईच्या दमट हवेत वेष्टन पॉलिएस्टरचे असलेले उत्तम, कारण भिजल्यावर नायलॉन ताणते व त्याची ताकदही काही अंशी घटते. लांबी मोजताना दोर फांदीवरून दुहेरी खाली येतो हे विसरू नये: 15 मीटर उंच फांदीसाठी 30 मीटर दोर अपुरा, 40 मीटर योग्य, आणि कोणत्याही परिस्थितीत मोकळ्या टोकाला मोठी गाठ मारलेली असलीच पाहिजे, म्हणजे उतरताना दोर संपला तरी माणूस त्यावरून घसरून जाणार नाही. गच्चीवर पाण्याची टाकी चढविण्यासाठी आणलेला हिरवा-निळा दोर टाकीसाठीच राहू द्यावा.

दोर ज्या फांदीवर टाकावयाचा ती जिवंत, खोडाला लागून आणि निदान 10 सेंटिमीटर व्यासाची असावी. दोर सालीवर घासत राहिला तर दोरही झिजतो व साल सोलून झाडालाही जखम होते; म्हणून फांदीभोवती दोन कड्यांचा स्वतंत्र पट्टा घालून त्या कड्यांतून दोर ओवण्याची रीत चांगली. हा पट्टा स्वस्त आहे, आणि पहिल्या खरेदीतच त्याचा समावेश करावा.

मुख्य दोराखेरीज दुसरा आधार हवाच. कमरेच्या एका कडीपासून निघून खोडाला वेढा देऊन दुसऱ्या कडीत येणारा, लांबी कमीजास्त करता येणारा लॅनयार्ड हा तो दुसरा आधार होय. फांदी ओलांडताना मुख्य दोर हलवावयाचा तर आधी लॅनयार्ड बांधावा; लॅनयार्ड सोडावयाचा तर आधी मुख्य दोरावर भार घ्यावा; आणि करवत चालविण्यापूर्वी दोन्ही जोडलेले असावेत. नवख्याला हा क्रम कंटाळवाणा वाटतो, पण करवतीचा एक चुकार फटका दोराचे वेष्टन क्षणात कापतो, आणि तेवढ्याचसाठी पोलादी तारेचा गाभा असलेले लॅनयार्ड मिळतात. छाटणी करणाऱ्याने तोच घ्यावा. वीजवाहक तारा जवळ असतील तेथे मात्र तो वर्ज्य; किंबहुना अशा ठिकाणी वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय कोणीही चढूच नये.

कॅराबिनर म्हणजे दार असलेली कडी. किल्ल्यांच्या जुडग्याला लावावयाच्या तशाच दिसणाऱ्या कड्या रस्त्यावर शेकड्याने मिळतात, त्यांकडे ढुंकूनही पाहू नये. खऱ्या कॅराबिनरच्या अंगावर त्याची ताकद किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते. लांबीच्या दिशेने 22 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सव्वादोन टनांचा भार, हे किमान प्रमाण मानावे. त्याच ठिकाणी आडव्या भाराची ताकद कोरलेली असते ती याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते, यावरून कॅराबिनर आडवा होऊ न देणे किती महत्त्वाचे हे ध्यानात येईल. मळसूत्री दार दोराच्या घर्षणाने आपोआप उलगडू शकते. म्हणून जीव ज्यावर टांगावयाचा ते कॅराबिनर आपोआप मिटणारे आणि उघडण्यास तीन निरनिराळ्या हालचाली लागणारे असावे. वर्सोवा, मढ, गोराई या बाजूंच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पुटे चढतात आणि दाराची स्प्रिंग आळसावते. दार उघडून सोडले की ते खटकन, एका दमात मिटले पाहिजे. रेंगाळले तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा थेंब देऊन पाहावे, आणि तरीही रेंगाळले तर बाद करावे.

दोरावर वरखाली होण्यासाठी यंत्रे पुष्कळ निघाली आहेत, परंतु प्रारंभी गाठ शिकावी. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 साली प्रसिद्ध केलेली, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी गाठ मुख्य दोराभोवती बारीक दोराचे वेढे देऊन बनते: मोकळी असता हाताने सरकते, भार पडताच आवळून बसते. या बारीक दोराची जात महत्त्वाची आहे. अतिशय मजबूत म्हणून विकला जाणारा डायनीमा सुमारे 145 अंशांवर वितळतो, आणि झपाट्याने उतरताना गाठीत एवढी उष्णता निर्माण होणे अशक्य नाही. येथे नायलॉन किंवा पॉलिएस्टरच विश्वासू. हेल्मेट हनुवटीखाली घट्ट बसणाऱ्या पट्ट्याचे घ्यावे; खाली उभ्या असलेल्या मदतनिसालाही ते द्यावे, कारण फांद्या त्याच्याच डोक्यावर पडतात.

नारळाची गोष्ट निराळी आहे. त्याला फांद्याच नसल्याने वर म्हटलेली दोराची रीत तेथे लागू पडत नाही. कोकणात ज्याला पाडेली म्हणतात तो पायांत दोराचे कडे अडकवून किंवा खोडाला पाडलेल्या खाचांवरून चढतो. या खाचा आणि पायांना बांधावयाचे लोखंडी काटे या दोहोंविरुद्ध माझे मत ठाम आहे: आंब्याची जखम काळांतराने नव्या सालीने भरून येते, माडाची कधीच येत नाही, आणि त्या उघड्या जखमांतून सोंड्या भुंगा आत शिरून सबंध झाड पोखरतो. केरळातील कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरीच्या नावाने ओळखले जाणारे, दोन पायांसाठी दोन स्वतंत्र भाग असलेले पोलादी यंत्र खोडाला इजा न करता आळीपाळीने वर सरकते. नारळ विकास मंडळाने 2011 पासून चालविलेल्या 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' या योजनेत तरुणांना अशाच यंत्रांवर प्रशिक्षण देण्यात आले. यंत्र घ्यावे, परंतु त्यासोबत खोडाला वेढणारा लॅनयार्ड व हार्नेस घ्यावाच. माणूस यंत्रावर असताना जितका सुरक्षित असतो, तितकाच तो यंत्र सोडून झावळ्यांत हात घालताना असुरक्षित होतो.

आणि कोणत्याही उत्तम साहित्याने वाईट झाड चांगले होत नाही. शेवग्यावर कोणीही चढू नये. जांभळाची व गुलमोहराची फांदी हिरवीगार दिसत असतानाही पूर्वसूचना न देता मोडते. पिठ्या ढेकणाने वाळत चाललेले पर्जन्यवृक्ष, बुंध्याशी अळंब्यांचे थर आलेली झाडे, खणून रस्ता किंवा गटार केल्यामुळे एका अंगाची मुळे तुटलेली झाडे शिडीच्या गाडीवरूनच छाटावीत. आंब्यावर उंबीलांची घरटी आणि उंच फांदीखाली आग्या माश्यांचे पोळे आहे काय, हे दुर्बिणीने खालूनच पाहून घ्यावे. वर दोराने बांधलेल्या माणसाला पळता येत नाही.

ज्या एका गोष्टीची तजवीज सहसा कोणीच करीत नाही ती म्हणजे सुटका. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते व काही मिनिटांतच तो बेशुद्ध पडू शकतो. अग्निशमन दलाला 101 वर कळविलेच पाहिजे, पण त्यांची गाडी वाहतुकीतून येईपर्यंत थांबण्याइतका अवधी हाती नसतो. म्हणून चढणाऱ्याखेरीज दुसरा मनुष्य, ज्याला दोर येतो व ज्याच्या अंगावर स्वतःचा हार्नेस आहे असा, खाली हजर असल्यावाचून काम सुरू करू नये. आणि वरच्या माणसाला खाली उतरविण्याचा सराव दोघांनी कमी उंचीवर आधीच करावा. हे शिक्षण पुस्तकातून होत नाही. मुंबईत 1954 साली स्थापन झालेल्या गिरिविहारसारख्या गिर्यारोहण संस्थांची परंपरा आहे. दोर, गाठी व बिले (म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळण्याची रीत) यांचे प्राथमिक धडे तशा ठिकाणी घेऊन मग झाडाकडे वळावे.

साहित्य पंख्याखाली, सावलीत वाळवावे, उन्हात नव्हे. खरेदीची तारीख, प्रत्येक वापर आणि प्रत्येक तपासणी यांची नोंद एका वहीत ठेवावी. कापडी साहित्यास बहुतेक कारखानदार, न वापरलेले असले तरी, अधिकांत अधिक दहा वर्षांचे आयुष्य देतात. वरचेवर वापरातला दोर त्याच्या कितीतरी आधी बाद होतो, आणि बाद झालेल्या दोराचे हातभर लांबीचे तुकडे करूनच तो टाकावा.

संस्थेच्या कार्यकारिणीसाठी दोन शब्द वेगळे लिहितो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 अन्वये झाडाला इजा पोचविणे हेही झाड तोडण्यात गणले जाते, म्हणून छाटणीचा अर्ज आपापल्या विभाग कार्यालयाच्या उद्यान खात्याकडे, म्हणजे अंधेरीकरांनी के पूर्व किंवा के पश्चिम, बोरिवलीकरांनी आर मध्य, मुलुंडकरांनी टी, घाटकोपरकरांनी एन विभागाकडे, फेब्रुवारीतच करावा. मे अखेरीस हाती पडलेल्या परवान्यामुळे घाई होते आणि घाईत माणसे पडतात. मक्तेदाराच्या दरपत्रकात हार्नेस, दोर, हेल्मेट व दुसरा प्रशिक्षित इसम यांची रक्कम स्वतंत्र दाखवावयास सांगावी, आणि सर्वांत कमी दराची दरखास्त स्वीकारताना ती रक्कम वगळली गेली नाही ना, याची खातरजमा करावी. करारात आणखी एक कलम घालावे: सकाळी झाड तपासून, 'यावर आज चढता येणार नाही' असे चढणाऱ्याने सांगितल्यास त्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही.